सैफुद्दीनचा खिसा

शिरपूर जैनच्या सैफुद्दीन रेडिओवाल्याला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. रोज लागणारे सुटे भाग तो सदऱ्याच्या खिशात ठेवी, क्वचित लागणारे माळ्यावर. आणि दिवसभर त्यांची अदलाबदल करी. बायको अमीनाबी म्हणे, "तुमच्यापरीस मुंगी बरी, घडीभर टेकते तरी!"

१९७६ साली ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, तशी त्याची चुळबूळ वाढली. बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्वचे जुने रेडिओ दुरुस्तीला येईनात, म्हणून एका सकाळी त्यानं खिशातले व्हॉल्व माळ्यावर टाकले. दुपारी गावातले चंपालालशेठ तसलाच रेडिओ घेऊन हजर!

"सैफूभाई, अकोल्याची गाडी येईलोक हा बोलला तं ठीक. नाही तं नवा घेऊन येतो."

शेठनं नवा घेतला की सारं गाव घेणार, या धास्तीनं सैफुद्दीन शिडीवर चढला. डबे धडाधड कोसळले.

"शेठजी, शिडी धरा नं!"

शेठनं धरली. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावर अकोल्याची एस.टी. आली आणि गेलीसुद्धा.

"अरे, माही गाडी!"

"सोडू नका, मरीन मी!"

शेवटी व्हॉल्व सापडला, बसला, आणि रेडिओ खाकरून बोलू लागला.

शेठ घाम पुसत म्हणाले, "आता नवा कायले घेऊ? पण मजुरी अर्धीच देईन. शिडी म्या धरली."