न कापलेल्या धाग्यांचा कोट बघायला मुंबईला

"मामी, आईला घेऊन येच. ज्युरीला तुम्ही दोघी नसलात तर मी बोलणारच नाही कोणाशी!" भाचीनं फोनवर असा दम भरल्यावर नाही म्हणायची काय बिशाद! माझी नणंद सुनंदाताई आणि मी, दोघींनी त्याच संध्याकाळी इचलकरंजीहून मुंबईच्या बसची तिकिटं काढली.

ही भाची केतकी म्हणजे ताईंची एकुलती एक लेक. मुंबईत आर्ट स्कूलमध्ये फॅशन डिझाइन शिकते, तेही प्रयोगाचं. म्हणजे घालायला सोयीचा कपडा नाही, तर कपड्यातून काहीतरी म्हणायचं. यंदा तिचं शेवटचं वर्ष. ज्युरी म्हणजे बाहेरचे परीक्षक येऊन काम बघणार आणि पास की नापास ते ठरवणार. ताईंचं आमच्या गल्लीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. लेकीचं सगळं शिक्षण त्यांनी मशीनवर बसून केलं, पण ती शिकते काय, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. "घालायचं नाही तर शिवायचं कशाला?" इथून फोन सुरू व्हायचा आणि दोघींच्या रागावण्यात संपायचा.

बस सकाळी दादरला टेकली. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सामान कमी असेल तर इथेच उतरा, पुढे सगळं जवळ पडतं. आम्ही आधी थालीपीठ हाणलं, वर पीयूष. ताईंनी एक घेतलं, मी दोन. मग हिंदमाताच्या कापडबाजारात शिरलो आणि ताईंना पंख फुटले. प्रत्येक दुकानात कापड चिमटीत चोळून बघायचं आणि मला कोपरानं ढोसायचं. "बघ की शुभा! आमच्या मागावरचंच कापड, इथं येऊन भाव खातंय!" खरेदी शून्य, पण बाईंचा चेहरा काय फुलला होता! दुपारी जाल तर पाणी सोबत ठेवा, आत घामाच्या धारा लागतात.

केतकी लालबागला एका चाळीतल्या खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहते. तिचा कोट खुंटीला टांगलेला, वरून चादर. मी चादरीचं टोक धरलं तशी ओरडलीच. "मामी, हात नाही लावायचा हां! उद्या सगळ्यांबरोबर बघ. सस्पेन्स आहे यार!" उत्सुकतेनं मला जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी केतकी आपली जागा मांडायला लवकर निघाली. कोट आम्ही टॅक्सीनं आणायचा, घडी न घालता. वेळ होता म्हणून मी मसाल्याच्या गल्लीत चक्कर मारली. तिथे नाकाला रुमाल बांधूनच जा! मिरच्यांचे ढीग, भाजलेल्या धण्यांचा वास आणि माझ्या शिंका. मालवणी मसाला अर्धा किलो घेतला, डोळे पुसत परत आले.

खोलीत ताई खिडकीशी बसलेल्या. चादर बाजूला, कोट मांडीवर, हातात छोटी कात्री.

"अगं, पोरीला वेळच मिळाला नाही बघ. नुसतं शिवून ठेवलंय, एक धागा कापलेला नाही! परीक्षकांपुढं असलं न्यायचं व्हय?"

"बरं झालं बाई, तुम्ही होतात!" मीही म्हटलं. मला काय कळतंय! चिंध्यांचे तुकडे जोडून केलेला लांब कोट, त्यातून ठिकठिकाणी धागे लोंबत होते. ताईंनी पुढचा भाग आणि एक बाही चकाचक करून टाकली होती. पाठ आणि दुसरी बाही राहिली. उशीर झाला म्हणून मी कोटावर परत चादर टाकली आणि त्यांना ओढतच टॅक्सीत घातलं.

आर्ट स्कूलमध्ये शिरले आणि मी वेडी व्हायची बाकी राहिले. फाटक्या छत्र्यांचा झगा! एक्स-रेच्या फिल्मचं जाकीट, मागे दिवा लावला की बरगड्या दिसतात! काळाचौकीच्या एका मुलानं मंडळाच्या जुन्या बॅनरचा पायघोळ सदरा केला होता, त्याच्या छातीवर कुठल्यातरी कार्यकर्त्याचा अर्धा चेहरा हसत होता. मी फोटो काढत सुटले.

केतकीनं कोटावरची चादर काढली. आणि मटकन खाली बसली.

"आई, धागे कुठे गेले?"

"कापले की. तुझं राहिलं होतं ना."

"राहिलं नव्हतं गं! ते धागेच माझं काम होतं. शिवताना जिथे जिथे हात थांबला, तिथे धागा सोडला होता. वर्षभर!"

ताई पांढऱ्याफटक पडल्या. "सुई दे. एकेक परत लावते मी," म्हणत पिशव्या चाचपायला लागल्या. पण परीक्षक शेजारच्या टेबलापाशी येऊन ठेपले होते. केतकीनं डोळे पुसले आणि कोट तसाच टांगला.

त्यांच्यातल्या चष्मा लावलेल्या बाईंनी तो फिरून फिरून बघितला. "अर्ध्यावरच का कापलेस? हाच विचार होता?"

हो म्हणाली असती तर निभावलं असतं. मी मनात म्हणत होते, हो म्हण, बाई, हो म्हण!

"नाही मॅडम. मी कापलेच नाहीत. आईनं कापले. तिला वाटलं, माझं काम अपुरं राहिलंय."

"मग गुण कशाचे द्यायचे?"

"जेवढे धागे राहिलेत, तेवढ्यांचे द्या."

बाई लिहून पुढे गेल्या. संध्याकाळी यादी लागेपर्यंत ताईंनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. केतकी पास झाली! पहिली-बिहिली नाही, पण पास! मी व्हरांड्यातच किंचाळले, लोक बघायला लागले.

नंतर गिरगावात कोथिंबीर वडी खाताना ताई मान वर करेनात. "मी घाण केली गं तुझ्या कामाची."

"केलीसच," केतकी म्हणाली. "राग आहेच मला. पण आई, इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा माझ्या कामाला हात लावलास." मग तिनं आपली वडी आईच्या ताटलीत सरकवली. मला हुंदका आवरेना, आणि दोघी मलाच हसल्या.

घरी येऊन आठवडा झाला. जायचं असेल तर आर्ट स्कूलची वर्षअखेरची प्रदर्शनं चुकवू नका, बहुतेक ठिकाणी फुकट बघता येतात आणि डोकं भणाणून जातं. काल ताईंच्या दुकानात गेले तर एक गिऱ्हाईक ब्लाउजसाठी ताटकळलेलं, आणि ताई मशीन थांबवून लेकीच्या कोटाबद्दल सांगतायत, हातवारे करकरून.

"म्हणजे काम अर्धवटच म्हणायचं की हो," गिऱ्हाईक बाई म्हणाल्या.

"अर्धवट नव्हे," ताई म्हणाल्या. "तिनं तिथं थांबायचं ठरवलं होतं."

आणि ब्लाउजचे लोंबते धागे एकेक करून कापून त्यांनी तो बाईंच्या हातात दिला.