मागच्या नळावरची आंघोळ

अकरा जानेवारी, रविवार, सकाळ. बऱ्हाणपूर, राजपुऱ्यातलं एक दुमजली घर, पलंगाची खोली.

हजर: बाई, म्हणजे पलंगावरच्या पेशंट, निवृत्त मुख्याध्यापिका. वहिनी, म्हणजे त्यांची सून. दादा, त्यांचा मुलगा, केळीच्या व्यापारातला. बाईंची लेक, आदल्या दिवशी जळगावहून आलेली. एजन्सीचे सुपरवायझर, महिन्याच्या भेटीला आलेले. आणि मी, दिवसपाळीची मावशी.

सुनीता नव्हती. रात्रपाळी तिची. ती तिच्या गावची, चांदनीची गाडी पकडायला निघून गेली होती.

मी पलंगावर बसले होते. बाईंचं डोकं माझ्या खांद्यावर. त्यांच्या नाकातोंडातून आलेला चहा माझ्या पदरावर. त्यांचा श्वास आता कुठे जागेवर येत होता. माझे केस ओले, साडी गुडघ्यापर्यंत ओली. वहिनी दारात येऊन थांबल्या. सासूकडे पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं.

"आंघोळ पूर्ण झाली का तुझी?"

मी पदराने बाईंचं तोंड पुसलं.

"स्वयंपाकघरातून आलीस तू. आधी बाहेर हो. नळावर जा, पूर्ण आंघोळ कर, गाऊन घाल, मग ये."

सुपरवायझरच्या हातात दराब्याची, म्हणजे बऱ्हाणपुरी गोडाची वाटी होती. त्यांनी चमचा वाटीत ठेवला आणि मला डोळ्यांनीच दार दाखवलं.

इथपर्यंत कसं आलं ते क्रमाने सांगते. क्रमाने सांगायची मला सवय आहे. मी याद्या करणारी बाई. निंबोल्याहून बसमध्ये बसले की दिवसाची यादी मनात लावायची आणि एकेक काम झालं की खोडायचं.

घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणारी ही एजन्सी म्हणजे मोबाईलच्या दुकानावरची एक खोली. ट्रेनिंग म्हणजे दोन दुपारी. पहिल्या दुपारी हात कसे धुवायचे ते शिकवलं, दुसऱ्या दुपारी फोटो काढून ओळखपत्र दिलं. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, उष्टं तोंड कसं पुसायचं, हे मी माझ्या सासूच्या आजारपणात शिकलेली. एजन्सीचा नियम एकच होता. क्लायंट सांगतील तसं.

पहिल्या दिवशी वहिनींनी मला पुढच्या ओसरीवर बसवलं. चहा दिला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या नियम घेऊनच.

पुढच्या दाराने यायचं नाही, मागच्या बोळातून यायचं. मागे भांडी घासायच्या जागेवर नळ आहे, तिथे डोक्यावरून आंघोळ करायची. खिळ्यावरचा गाऊन घालायचा. घरचे कपडे पिशवीत बांधून बाहेरच ठेवायचे. मगच बाईंना हात लावायचा. "लकव्याच्या पेशंटला इन्फेक्शन लवकर होतं," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. आजारी माणसाजवळ स्वच्छ जावं, यात चूक काय? नळाला आडोसा नव्हता. शेजारच्या गच्चीवरून दिसायचं. मी साडी अंगावर ठेवूनच पाणी घ्यायची.

त्या घरात मला मावशी म्हणत. नातं आईच्या बहिणीचं, दार मागचं.

बाईंचा उजवा हात चालायचा. जीभ जड झाली होती, पण डोकं लख्ख. एकेक शब्द तोडून बोलायच्या. माझ्या याद्यांची त्यांना फार गंमत वाटायची.

"आज यादीत मी कितवी?" त्या विचारायच्या.

"पहिली, बाई."

"मग उशीर का?"

रोज हाच प्रश्न. मुख्याध्यापिकाच त्या. सात म्हणजे सात. आणि रोज मी सांगायची, बस उशिरा आली. बस वेळेवर यायची. पण तुमच्याच घरामागे मी आंघोळ करत होते, हे त्यांच्या तोंडावर म्हणवायचं नाही. लाज कुणाची, ते तेव्हा मला कळत नव्हतं.

सुनीता सात वाजता निघायची. गाडी चुकली तर तिला दुपारपर्यंत घरी जाता येत नसे. मी सातलाच बोळात असायची. तिचं जाणं आणि माझं आत येणं यांच्यामध्ये जो वेळ जायचा, तो कुणाच्याच कामात धरलेला नव्हता. त्या वेळात बाई एकट्या. लंगोट ओला असेल तर ओल्यातच. वहिनी स्वयंपाकघरात, दादा बाजारात. बाई हाक मारायच्या ती मला नळावर ऐकू यायची आणि मी घाईघाईने तांब्या ओतायची.

डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी मी सुट्टी घेतली. तेवढे दिवस सुनीताने दिवसपाळी केली. परत आल्यावर सकाळी बोळाच्या तोंडाशी ती भेटली. मी सहज म्हटलं, मागचं पाणी फार गार असतं ना गं.

"कौन सा पानी, दीदी?"

"आंघोळीचं. मागच्या नळावर."

ती हसली. "मैं तो घर से नहा के आती हूँ. वहाँ कौन नहाएगा, सब दिखता है."

"मग आत कुठून जायचीस?"

"सामने से. हाथ धो के." हे बोलता बोलता तिचं हसू थांबलं. तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मग आपल्या चपलांकडे. "मुझे तो किसी ने कुछ बोला ही नहीं," ती म्हणाली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली.

एजन्सी तीच. काम तेच. पलंग तोच. ती गाडीच्या गर्दीतून येणार, मी बसच्या. आडनाव तेवढं वेगळं.

त्या दिवशी मी नळाखाली बसले आणि पाणी अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं. कळल्यावरही घेत राहिले, कारण काम हवं होतं. पण आता प्रत्येक तांब्याबरोबर माहीत होतं की हा तांब्या कशासाठी आहे.

आठ-नऊ जानेवारीच्या सुमाराला बाईंच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबलं तरी लाली जाईना. मी वहिनींना सांगितलं. डॉक्टर येतील तेव्हा दाखवू, म्हणाल्या. शनिवारी तो आणखी पसरला होता. रविवारच्या यादीत मी पहिलं काम घातलं, बाईंची पाठ बघणे.

रविवारी त्या कामापर्यंत पोचलेच नाही. मी नळावर होते. अर्धी भिजलेली. आत जळगावची लेक आईला चहा पाजत होती. प्रेमाने पाजत होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं की अशा माणसाला आडवं ठेवून पाजायचं नसतं. मला ठसका ऐकू आला. मग दुसरा. मग आवाजच बंद झाला, आणि लेक "आई, आई" करू लागली.

मी धावले. जवळचं दार स्वयंपाकघराचं होतं. तिथून गेले. बाईंना उठवून बसवलं, पुढे वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून साफ केलं. त्यांनी श्वास घेतला. धरलेल्या हाताला मागे, कमरेखाली, ओलं लागलं. ते पाणी नव्हतं. कातडी निघाली होती.

आणि तेव्हा वहिनींनी विचारलं, आंघोळ पूर्ण झाली का.

मी उठणार होते. खरंच उठणार होते, पायांना सवय होती. पण बाईंनी उजव्या हातात माझा पदर धरला होता. माझ्याकडे तिरक्या तोंडाने पाहत होत्या.

"उशीर," त्या म्हणाल्या. "का?"

मी त्यांनाच सांगितलं. बाकी कुणाकडे पाहिलं नाही.

"बाई, बस वेळेवरच येते. मी रोज सातला इथेच असते. मला मागे भांड्यांच्या नळावर आंघोळ करायला लावतात, म्हणून उशीर होतो. सुनीताला नाही लावत. मलाच."

बाईंनी मान हळूहळू वळवली आणि सुनेकडे पाहिलं.

"खरं?"

वहिनी म्हणाल्या, आई, तुम्ही आराम करा. दादा म्हणाले, हा विषय आत्ता नको. सुपरवायझर म्हणाले, क्लायंटशी असं बोलत नाहीत. लेक रडत होती. बाई पुन्हा म्हणाल्या, "खरं?" मी म्हटलं, बाईंच्या पाठीला जखम झाली आहे, आधी ती बघू द्या. दादांनी माझा पदर आईच्या बोटांतून सोडवला. एकेक बोट करून. मी ओल्या साडीने बाहेर पडले. पुढच्या दाराने.

सोमवारी एजन्सीत बोलावलं. सुपरवायझरने कागद पुढे केला. स्वच्छतेचा नियम मोडला, माफी असावी, असं लिहून द्यायचं होतं. मी म्हटलं, हात धुतले नव्हते, ते लिहून देते. आंघोळीचं लिहून देणार नाही.

"मग दुसरं घर मिळणार नाही," ते म्हणाले.

"मग राहू द्या."

त्यांच्या महिन्याच्या भेटीचा फॉर्म टेबलावरच होता. वेळेवर येते का, गणवेश घालते का, नम्र आहे का. पेशंटची पाठ कशी आहे, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. त्या घरात सगळी तपासणी माझ्या अंगाची होती. बाईंच्या अंगाची कुणीच करत नव्हतं.

मी दोन सरकारी खिडक्यांवर जाऊन विचारलं. घरी जाऊन आजारी माणूस सांभाळणाऱ्यांना कोण तपासतं? एजन्सीला कोण तपासतं? एका ठिकाणी म्हणाले, पेशंट दवाखान्यात नाही ना, मग घरच्यांनी बघायचं. दुसरीकडे म्हणाले, घर म्हणजे कारखाना नव्हे. बोलले नीट, बसायला खुर्चीही दिली. तपासणारा मात्र कुणी निघाला नाही. मी दोन्हीकडे अर्ज देऊन पोच घेतली आहे. उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा जाणार आहे.

आता मी एजन्सीशिवाय काम करते. नव्या घरात पहिल्याच दिवशी उभ्याने सांगते. हात धुणार, सगळ्यांसमोर, सगळे धुतात त्याच बेसिनमध्ये. दार पुढचं. आधीच्या पाळीची बाई मी पलंगापाशी पोचल्याशिवाय उठणार नाही. पटलं तर आडनाव विचारा, मी सांगेन. काही घरं नको म्हणतात. म्हणू देत. त्या नळाखाली मी परत बसणार नाही, आणि माझ्यासारखी दुसरी बसली तर तिला उठवायला जाईन.

काल सुनीताचा फोन आला. नवी मावशी ठेवली आहे, ती पुढच्या दाराने येते. पण बाईंना वळवायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. रात्री सुनीता वळवते, दिवसभर बाई उताण्याच. जखमेची कड काळी पडली आहे. घरचे म्हणतात, डॉक्टर येतील. आणि बाई रोज सात वाजले की दाराकडे बघून एकच शब्द बोलतात, "उशीर", असं तिने सांगितलं.

उद्या मी राजपुऱ्याला जाते आहे. पुढच्या दाराची कडी वाजवणार. लेकीला फोन केला आहे, तीही जळगावहून निघते आहे. आत घेतलं नाही तर ओसरीवर बसेन, आणि ज्या ज्या बायका बाईंच्या हाताखाली शिकल्या त्यांचे नंबर लेकीकडून घेऊन त्यांना तिथूनच फोन करून बोलावेन.

त्या रविवारच्या यादीतलं पहिलं काम अजून खोडलेलं नाही. बाईंची पाठ बघायची आहे.