आक्काची बाई अजून दारातच

चार माणसं दर रविवारी एका खोलीत शेंगा फोडत बसली की टरफलं आणि किस्से सारखेच साठतात. टरफलांचं बरं असतं. आक्का ती बंबात घालते, अंघोळीचं पाणी तापतं. किस्से कुठं घालायचे? म्हणून तुम्हाला सांगत बसलेय.

आमची बैठक खासबागेत, शांता आक्काच्या माडीवर भरते. आपापल्या कथा लिहून आणायच्या आणि वाचायच्या. नियम एकच, तोही आक्काचा. गुंडू अण्णा बेळगुंदीहून घरच्या भाजक्या शेंगा आणतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी फोडायच्या. वाचून झाल्यावर 'छान छान' म्हणायचं नाही. कथा रेंगाळली की शेंगा कटाकट फुटतात. कथेनं धरलं की हात आपोआप थांबतात.

"तोंड खोटं बोलतंय गं," आक्का म्हणते, "हात बोलत न्हाय."

तर आधी माझाच मूर्खपणा सांगते, म्हणजे पुढं दुसऱ्यांची थट्टा करायला मी मोकळी!

मी हायस्कूलवर मराठी शिकवते. कथेच्या वेगावर पोरांना तास-तासभर लेक्चर देते आणि घरी मोबाइलवर 'वाचकाला खिळवून कसे ठेवाल' असलं काहीतरी वाचत बसते. त्यात लिहिलं होतं, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी धक्का द्या. मी दिला! पहिल्या परिच्छेदात लाईट गेली, दुसऱ्यात फोन वाजला आणि कोणी बोललंच नाही, तिसऱ्यात कपाटातनं हात बाहेर आला.

वाचायला लागले तशा शेंगा फुटत होत्या. हळूहळू आवाज कमी झाला. तिसऱ्या पानाला तर खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! माझ्या अंगावर काटा. आवाज खाली आणला, जागोजागी थांबले, शेवटचं वाक्य तर जवळजवळ कुजबुजले. मग हळूच मान वर केली.

"हात थांबले ना?" मी म्हटलं.

अण्णा म्हणाला, "मॅडम, शेंगा दुसऱ्याच पानाला संपल्यात."

आक्कानं भर घातली, "आम्हास्नी वाटलं गोष्ट बी संपंल."

*

गुंडू अण्णा बसमध्ये कंडक्टर. घरची शेती भावांनी मिळून, नोकरी ह्याची एकट्याची. तेव्हा तो सिटी बसवर होता, अनगोळ ते स्टँड. त्याच्या कथा म्हणजे वादळ! पहिल्या ओळीत लग्न, तिसरीत बारसं, पाचवीत नातू, आणि पान उलटायच्या आत सगळे गेलेले.

एकदा आक्का चिडली. "आरं, मी एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकीपतोर आजा, बाप आनि म्हस तिघंबी खल्लास? कुणासाठी म्हून रडायचं मी?"

मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, "अण्णा, पेसिंग सांभाळा. माणसाला जरा जगू द्या, मग मारा."

"कसं जगू देऊ मॅडम?" अण्णा कळवळून म्हणाला. "दोन स्टॉपच्या मधी मावतंय तेवढं लिवतो. म्होरला स्टॉप आला की मानूस मारावाच लागतोय!"

*

मग अण्णाची बदली निपाणीच्या गाडीवर झाली. पुढच्याच रविवारी त्याच्या नायकानं पहिल्या पानावर चहाचा कप उचलला. दुसऱ्या पानावर फुंकर मारली. तिसऱ्या पानावर खिडकीतनं ऊस बघितला. चौथ्यावर पण ऊसच.

आमच्यात एक प्रकाश सर आहेत. मूळचे निपाणीचे, इथं कॉलेजात फिजिक्स शिकवतात. फार कमी बोलतात. ते म्हणाले, "अण्णा, चहा निवला."

"काय करू सर?" अण्णा म्हणाला. "संकेश्वरपतोर कोण चढतच न्हाय!"

*

प्रकाश सरांचा किस्सा मात्र हसायचा नाही. मी आपली सांगून टाकते.

सरांची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सरांनी तिच्यावर कथा लिहिली. पहिलं दीड पान नुसती तिची सकाळ. नाकातोंडावर फडकं बांधणं, वखारीत शिरताना आलेली पहिली शिंक, तंबाखू चाळणं, पुन्हा चाळणं, पुन्हा चाळणं. त्यानंतर मुकादमाशी भांडण होतं आणि कथा पळायला लागते.

पहिल्या दीड पानाला शेंगा नुसत्या तडतडत होत्या. मी म्हटलं, "सर, भांडणापासून चालू करा. काय वेग येईल बघा!" अण्णानंही मान हलवली, आक्कानंही.  सरांनी घरी जाऊन दीड पान काढून टाकलं.

कथा एका दिवाळी अंकात छापून आली. 'विलक्षण वेगवान कथा' म्हणून लोकांनी सरांना फोन केले. सरांनी निपाणीला जाऊन आईला वाचून दाखवली. आईनं शेवटपर्यंत ऐकली.

"काय म्हणाल्या?" मी हौसेनं विचारलं.

सर शेंग सोलत म्हणाले, "बरी हाय म्हणाली. म्हणाली, पर बाळा, ह्यात मी कामाला कवा गेले?"

त्या रविवारी सरांनी ते दीड पान पुन्हा वाचावं म्हणून अण्णा त्यांच्या मागं लागला. पण सरांनी ते ठेवलंच नव्हतं.

*

आता आक्का.

आक्काची एकच कथा. आम्ही जमायला लागलो तेव्हापासून तीच चालू आहे. एक बाई आपल्या धाकट्या बहिणीला भेटायला निपाणीला निघते. लई वर्षांचा अबोला. आईच्या बाराव्याला, पाहुणे जेवायच्या आधी, आईच्या काटवटीवरनं दोघींचं भांडण झालेलं. काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची, भाकरी थापायची लाकडी परात. धाकटी ती घेऊन गेली आणि थोरली म्हणाली, "परत तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाय."

ही कथा कोणाची, हे आम्हाला सांगायची गरज नव्हती. आक्काची बहीण मालू निपाणीत राहते, हे सगळ्या खासबागेला माहीत.

कथेतली बाई पहिल्या रविवारी स्टँडवर उभी राहिली. मग गाडीत बसली. तवंदी घाटात तर आम्ही अख्खा उन्हाळा काढला! मग निपाणी, मग बोळ, मग पायरी. आणि मग दार. दाराशी गाडी जी अडकली ती अडकलीच. आतनं भाकऱ्या थापल्याचा आवाज येतोय, थप थप थप, आणि बाई बाहेर उभी. पुढच्या रविवारी पण थप थप. त्याच्या पुढच्या पण.

"आक्का, एवढ्या भाकऱ्या खाणार कोण?" अण्णानं विचारलं.

"तू गप रं. तुझ्या गोष्टीत कोण भाकरी खायला जित्तं ऱ्हातंय व्हय?"

मी म्हटलं, "आक्का, वाचक किती वेळ थांबणार? दार उघडा की!"

आक्का चष्म्यावरनं माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्या बानं तुझ्या आईला पाच मिन्टात पसंत केली, असं तीच सांगायची. म्हून तुला सगळ्यातच घाई."

अण्णा मात्र चिकट. बदली झाल्यापासून दर रविवारी तो म्हणायचा, "आक्का, माझीच गाडी हाय. चला, मालूमावशीच्या बोळाच्या तोंडाला उतरवतो."

आक्काचं उत्तर ठरलेलं. "आधी गोष्टीत जाऊन येते. मग तुझ्या गाडीत."

*

आणि एका रविवारी आक्का खरंच तयार होऊन बसली! इरकलीचं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत मालूसाठी कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स. अण्णाची दुपारची ड्युटी होती, त्यामुळं सकाळीच शेंगा ठेवून तो स्टँडवर गेला होता. आक्कानं त्याच्या गाडीला यायचं ठरलेलं. मी स्कूटीवर सोडणार होते.

"आज वाचन न्हाय," आक्का म्हणाली. पण पिशवीतनं कागद काढलेच. "जरा येळ हाय न्हवं? एवढंच बघा, बरं झालंय काय."

आणि काय वाचलं आक्कानं त्या दिवशी! बाई कडीला हात घालते. हात थांबतो. आत थाप थांबते. आतल्या बाईला कळलंय का, बाहेर कोणीतरी आहे म्हणून? पुन्हा थप. पुन्हा थांबली. आक्काचा आवाज नेहमीचाच, सपाट. पण माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. सरांची पण. रस्त्यावरनं भाजीवाला ओरडत गेला तो मला ऐकूच आला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवर अण्णा, मागं नुसता कालवा.

"आक्का, गाडी धरून ठेवलीया! पॅसेंजर शिव्या द्यालेत, कन्नडातनं बी आनि मराठीतनं बी. दार लावू का उघडं ठेवू?"

आक्कानं कागदाकडं बघितलं. मग मांडीवरच्या पिशवीकडं.

"लाव रं," ती म्हणाली. "म्होरल्या ऐतवारी जाऊ. हितं बी दाराशीच हाय मी."

आम्ही हसलो. सगळे हसलो.

त्या दिवशी एक टरफल पडलं नाही. आमच्या माडीवरचं सगळ्यात जमलेलं वाचन ते. आणि कुंदा परत कुठं ठेवायचा म्हणून दुपारी चहाबरोबर आम्हीच खाल्ला. चांगला होता.

*

पुढचा रविवार यायच्या आधीच मालूच्या पोराचा फोन आला. सकाळी चुलीपुढनं उठली आणि पडली, एवढंच.

आक्का गेली ती अण्णाच्याच गाडीतनं. मी सोबत येते म्हटलं, पण ती नको म्हणाली. तिच्या त्या प्रवासाचं अण्णानं नंतर सांगितलं.

"खिडकीपाशी बसलती.  तवंदी घाट लागला तशी उठली, दांडी धरत धरत म्होरं गेली आनि ड्रायवरला म्हणाली, 'स्वल्प सावकाश होगरी.' जरा हळू जावा म्हणून. मॅडम, एवढी वर्सं तिकिटं फाडतोय. गाडी पळवा म्हणनारे रोज भेटत्यात. हळू घ्या म्हणनारी पयलीच."

"मग?"

"मग काय? ड्रायवरनं घेतली हळू. मागनं ट्रकवाले हॉर्न मारून ऱ्हायले. तरी बी निपाणी आलीच की."

मालूचं दिवसकार्य झाल्यावर परत येतानाही अण्णाचीच गाडी होती. आक्काच्या मांडीवर काटवट होती. मालूच्या पोरानं दिलेली. बाजूची सीट मोकळी होती, तिथं ठेवा म्हणून अण्णानं सांगून बघितलं. तिनं ठेवली नाही.

*

मध्ये काही रविवार आमची बैठक भरली नाही. कोणी कोणाला फोनही केला नाही. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा करेल.

मग गेल्या आठवड्यात आक्कानंच निरोप पाठवला. आम्ही गेलो. अण्णानं शेंगा आणल्या होत्या, पण पिशवी सोडायला त्याचा हात होईना. आक्कानं ती ओढून घेतली आणि शेंगा ओतल्या त्या काटवटीत. मधोमध ठेवली. काळी पडलेली, एका कडेला चीर गेलेली काटवट. मग चष्मा लावला आणि कागद काढले.

तीच कथा. बाई दारात उभी. हात कडीवर. आतनं आवाज, थप थप थप. पान उलटलं. थप थप थप. काटवटीला कोणी हात लावला नाही. सर खिडकीबाहेर बघत होते. अण्णा रुमाल शोधत होता, तो त्याच्या गळ्यातच होता.

आक्कानं कागद खाली ठेवले. कोणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि अशा वेळी बोलायचा मूर्खपणा आमच्यात नेहमी मीच करते.

"आक्का," मी म्हटलं, "आता संपवूया की गोष्ट. दार तरी उघडा, न्हायतर त्या बाईला परत तरी पाठवा. किती उभी करायची तिला?"

आक्कानं काटवटीतनं एक शेंग उचलली, फोडली, दाण्यावरची साल फुंकून उडवली.

"उघडंल की," ती म्हणाली. "भाकऱ्या व्हायच्या हायत तिच्या अजून."