दारातला वाल

मखमलाबादच्या गोजराबाई वाटाणे घेताना चार शेंगा फोडून, एक दाणा चावून बघायच्या. त्यांची रूपाली माझ्या वर्गात होती. ती पास झाली तेव्हा प्रगतिपुस्तकावरची माझी सही त्यांनी आदल्या वर्षीच्या सहीशी ताडून पाहिली. मला राग आला नाही. बाईंचा स्वभावच तो.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या दिरांनी, भिमाजींनी, गव्हात पहिल्यांदाच तणनाशक मारलं. आठवड्याभरात गव्हात माजलेलं चंदनबटव्याचं तण पिळवटून आडवं झालं. गहू मात्र हिरवागार.

"भावजी, गहू कोणता ते औषधाला कसं कळतं?" गोजराबाईंनी बांधावरूनच विचारलं.

"डोळे असतील त्याला, वहिनी."

मी तिथंच होतो. ठाऊक होतं तेवढं सांगितलं. झाडाला वाढवणारा जो रस असतो, त्याची हे औषध नक्कल करतं. रुंद पानाचं झाड फसतं, वेडंवाकडं वाढत सुटतं आणि त्यातच मरतं. गहू पडला गवताच्या जातीचा. तो ते औषध अंगातच निकामी करतो.

"टोमॅटो रुंद पानाचा," गोजराबाई म्हणाल्या.

त्यांचे वीस गुंठे टोमॅटो फुलावर होते. त्या हंगामाची सगळी आशा तेवढीच. त्यातच पानांवर करप्याचे ठिपके दिसले. फवारायला हवं होतं आणि दोन्ही घरांत मिळून पंप एकच, भिमाजींचा, तणनाशक मारलेला.

"तीनदा धुतलाय," भिमाजी म्हणाले.

"पाण्यानंच ना?"

"मग काय दुधानं धुऊ?"

गोजराबाईंनी पंपात साधं पाणी भरलं, हलवलं आणि दारातल्या वालाच्या वेलावर मारलं. "तीन दिवस बघते."

"करपा थांबल का तीन दिवस? हातानं प्लॉट घालवाल, वहिनी."

त्याचीच धास्ती त्यांनाही होती. रोज सकाळी त्या ठिपक्यांची पानं खुडून पाटीत भरायच्या, मग वालापाशी यायच्या. दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या दोन ओळी काळवंडल्या. वाल मात्र होता तसाच. भिमाजी जाता-येता विचारत, "काय म्हणतोय वाल?"

तिसऱ्या सकाळी वालाची कोवळी पानं अरुंद होऊन चुरगळली होती, शेंडे आकड्यासारखे वळले होते. गोजराबाईंनी भिमाजींना हाक मारली. त्यांनी शेंडा बोटांत धरला, बराच वेळ सोडला नाही. मग सायकल काढून नाशिकला गेले आणि दुपारी नवा पंप घेऊन आले.

गोजराबाईंनी झाकण काढून आत हात फिरवला, बोटं हुंगली.

"नवा हाय, वहिनी. तुमच्यासमोर खोक्याची दोरी सोडली."

"दोरी दुकानदारानंच बांधली ना?" असं म्हणत त्यांनी पंपात करप्याचं औषध कालवलं, पंप पाठीवर घेतला आणि काळवंडलेल्या ओळींपासून सुरुवात केली.

त्या दोन ओळी गेल्याच. बाकीचे टोमॅटो गोजराबाई होळीपर्यंत तोडत होत्या. जुना पंप तणनाशकापुरताच राहिला; त्याच्या गळ्यात भिमाजींनी स्वतःच लाल चिंधी बांधली.