लस टोचलेला हात आणि मिठागर

माझ्या प्रबंधात सरांना एकच वाक्य हवं होतं: कोलशेतचे मिठागरवाले अडाणीपणामुळे देवीची लस टोचून घेत नाहीत. ते घातलं की पदवी पदरात, वर परदेशी शिकायला जाण्यासाठी शिफारस. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, साथींचा अभ्यास करणाऱ्या बायका शोधून सापडत नव्हत्या, आणि मी डोंबिवलीतल्या कारकुनाची मुलगी. शहाणी असते तर मुकाट्याने लिहून मोकळी झाले असते.

पण मी कोलशेतला जाऊन आले होते. लस टोचणारे तिथे माघ-फाल्गुनात जात, कारण देवीची साथ तेव्हा जोर धरते. मीठही तेव्हाच पिकतं. टोचणारा दिसला की माणसं खाडीकाठच्या खाजणाकडे, दलदलीत पसार. मी एका बाईला गाठलं आणि लशीचे फायदे सांगू लागले. फळीने मीठ ओढता ओढताच ती म्हणाली, "बाय, तूच टोचून घे न ये आगरान. मंग मना शिकव."

मला राग आला. राग आला की मी कुणाचं ऐकत नाही. कोपराखाली लस टोचून घेतली, टोचल्या जागी आलेला फोड पिकल्यावर परत गेले, पदर खोचला आणि तिच्या शेजारी मिठाच्या वाफ्यात उतरले. खारं पाणी फोडावर उडालं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी ओरडलेच. ती हसली नाही. घरी बसलं तर काम दुसरीला जातं, एवढंच सांगून तिने माझ्या हातावर गोडं पाणी ओतलं.

पावसाळा सरताना लस टोचा, मीठ सुरू होईतो फोड सुकतील, असं मी सरांना सांगितलं.

"प्रबंध आरोग्यावर आहे, मिठावर नाही," सर म्हणाले.

वाक्य मी घातलं नाही. प्रबंध परत आला, शिफारस दुसऱ्याला गेली, आईने अबोला धरला. मी खूप रडले आणि मग ठाण्याच्या दवाखान्यात नोकरी धरली. पदवी पुढे उशिरा मिळाली, कामासाठी देशोदेशी हिंडले. लोक लस नाकारतात असं सभेत कुणी म्हणालं, की ते तेव्हा कुठलं काम करत असतात, हे मी आजही आधी विचारते.

प्रबंध परत आला त्याच वर्षी भाद्रपदात मात्र दवाखान्यातल्या वरिष्ठांच्या मागे लागून, लस घेऊन कोलशेतला गेले. पहिली तीच बाई आली. तिने माझा हात उलटा करून वण पाहिला आणि कडेवरची लेक माझ्यापुढे धरली.