पहिला मेलबॉक्स जाधव सरांचा

जाधव सर गेले आणि ऑफिसचे मेल व्यवस्थित चालू आहेत.

आज सोनिवलीला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिथून आलो आणि लिहायला बसलो. रडू अजून आलेलं नाही. नक्की काय होतंय तेही कळत नाहीये.

आमच्या अंबरनाथच्या फॅक्टरीचं आयटी म्हणजे आम्ही दोघंच. सर आणि मी. जुना सर्व्हर बदलून सगळ्यांचे मेल नव्यावर न्यायचे, यासाठी कित्येक महिने तयारी चालू होती. रविवार ठरला होता.

घाई त्यांना खपायची नाही. मी "बॅकअप घेतला" म्हटलं की म्हणायचे, "घेतला म्हणू नको. उघडून दाखव."

आणि कुठलाही प्रयोग आधी स्वतःच्या मेलबॉक्सवर.
"गेला तर माझा जाऊ दे. अकाउंट्सच्या मॅडमचा गेला तर त्या मला जिवंत सोडणार नाहीत."

बुधवारी सर्व्हर रूममध्ये छाती दाबून बसले होते.
"सर, डॉक्टरकडे चला."
"ॲसिडिटी आहे रे. रविवार होऊन जाऊ दे, सोमवारी दाखवतो."

शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

शेठ म्हणाले, "तू बोल. करायचं की पुढे ढकलायचं?"
मी म्हटलं, करू. घरी बसून तरी काय करणार होतो.

रविवारी पहिला मेलबॉक्स त्यांचाच नेला. प्लॅन तसाच होता. स्क्रीनवर त्यांचं नाव आलं, मी ओके दाबलं. नीट गेला.

बाकीचेही गेले. पण उल्हासनगरच्या ऑफिसला बाहेरचे मेल येईनात. होतं नव्हतं ते सगळं तपासलं. नाहीच.

सरांनी सांगून ठेवलं होतं, जेवणाच्या वेळेपर्यंत सुटलं नाही तर मागे फिरायचं.
"हिरोगिरी नाय करायची. मागे फिरायला लाज कसली?"

शेठ वैतागले. "अरे, इतना हो गया, अब वापस? उरलेलं उद्या बघ ना."
मी नाही म्हटलं. शेठना नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ.

सगळे मेलबॉक्स परत जुन्या सर्व्हरवर आणले. सरांचाही.

सोमवारी लोकांनी नेहमीसारखे मेल उघडले. कोणाला काही कळलंसुद्धा नाही. सरांना हेच आवडायचं.

स्वतःच्या वेळी मात्र हा माणूस मागे फिरला नाही. राग येतो. आता कोणावर काढू?

आज निघताना वहिनी दारापर्यंत आल्या.
"भाऊ, ते रविवारचं काम झालं का? हॉस्पिटलला नेतानापण तेच बोलत होते."

"झालं वहिनी. एकदम व्यवस्थित."

"बरं झालं," म्हणाल्या. आणि दिवसभरात पहिल्यांदाच, तिथेच दाराला जरा टेकून बसल्या.

काम झालेलं नाही.
येत्या रविवारी परत करायचंय. एकट्याने.

सर, शेवटचा जयभीम.