एकानंतर दहा

माझे भावोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. काय काम करता, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "लोकांना वर पोचवतो." समोरचा चपापला की पुढे जोडायचे, "आणि खालीही आणतो. नुसतं वर पोचवणारे वेगळे." हा विनोद ते निवृत्त झाल्यावरही करत आले आणि माझी ताई दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसत आली. ताई गेली आणि त्यांनी तो विनोद बंद केला.

ताईशी त्यांची ओळख अडकलेल्या लिफ्टमध्येच झाली होती. ती आत, दोन मजल्यांच्या मध्ये. हे वरच्या फटीतून वाकून म्हणाले, "घाबरू नका बाई, ही पडणारी लिफ्ट नाही, हट्टी आहे." ताई आतून म्हणाली, "हट्टी आहे ते कळलं. तुम्ही काय करताय ते सांगत राहा." मग त्यांनी संसारभर तेच केलं. पंखा पुसताना, शेंगा सोलताना, बूट घालताना ते काय करताहेत ते मोठ्याने सांगत राहिले. "आता डावीकडचा स्क्रू काढतोय." ताई दुसऱ्या खोलीतून "हं" म्हणायची. ती गेल्यावर ते घरात काय करताहेत, हे कुणालाच कळेनासं झालं.

त्यांचा आणखी एक स्वभाव इथे सांगायला हवा, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्यातच आहे. ज्याचं काम त्याने करावं, यावर त्यांची श्रद्धा होती. गळणारा नळ त्यांना स्वतःला सहज बसवता आला असता, पण ते नळवाल्यालाच बोलावत आणि तो काम करताना एक अक्षर बोलत नसत. घरातल्या कामांची अशी वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला अर्थ लावणं आलं. मी वाचनालयात शनिवारी व्याख्यानं देतो. चारदोन लोक ऐकतात, त्यातले काही जागे असतात. एवढ्यावर भावोजींनी मला 'पंडित' करून टाकलं. वर्तमानपत्रातली अवघड बातमी, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, ताईला पडलेली स्वप्नं, सगळं माझ्याकडे यायचं. आणि मी, मला काय, मी कधी कुणाला 'ठाऊक नाही' म्हणालेलो नाही.

ताईनंतर भाचीने ठरवलं की बाबांनी तिच्याकडे राहायला यावं. ती दुसऱ्या शहरात असते, अवघडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करायचं काम करते. तिने घरातली एक खोली रंगवून घेतली. भावोजी तयार झाले. घरमालकाला घर सोडतो म्हणून सांगून झालं, भांडी खोक्यांत गेली. निघायला दोनेक महिने होते. तेवढ्या संध्याकाळी एकट्याने कशा काढणार, म्हणून भाचीने जाताना एक पेनड्राइव्ह टीव्हीला लावून दिला. त्यात तिच्या आवडीची एक जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टूनची, मालिका होती. "मामा, तू पण बस त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "शांत आहे. कुणी कुणाला मारत नाही. सगळे आधीच मेलेले आहेत."

मालिका खरंच शांत होती. मेलेली माणसं एका तळ्याकाठच्या गावात जागी होतात. तळ्याचा दुसरा काठ दिसत नाही. प्रत्येकाला एक होडी मिळते, पण वल्हं मिळत नाही. ते स्वतः तासून करायचं. वल्हं पुरं झालं की माणूस निघतो. कुठे जातो, ते कुणी विचारत नाही. एक म्हातारा सगळ्यांना लाकूड निवडून देतो, एक पांढरा कुत्रा काठावर बसून असतो, एका खांबाला जीभ नसलेली घंटा टांगलेली. मधली एक बाई, केस मागे बांधलेली, कमी बोलणारी, वल्हं तासता तासता मध्येच थांबून बोटांनी त्याची धार बघते. भावोजी पहिल्याच दिवशी तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ही तुझ्या ताईसारखी बसते." मग दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. म्हणजे ते बोलले नाहीत, मी बोलत होतो. पडद्याच्या खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी मी मोठ्याने वाचायचो आणि दोन ओळींच्या मध्ये जागा मिळाली की तिच्यात अर्थ भरायचो. तळं म्हणजे वैतरणी. म्हातारा म्हणजे यम, पण कनवाळू. कुत्रा तर धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत गेलेला तोच. घंटेला जीभ नाही, कारण मृत्यूनंतर देव हाक मारत नाही. हे शेवटचं मला फारच आवडलं, आणि मी ते पुन्हा एकदा म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी रिमोट हातात घेतला आणि थांबले.

"पंडित, इथे एकच्या खाली दहा आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. एक, दहा, अकरा, बारा, दोन, तीन, असं नऊपर्यंत. साधा माणूस म्हणाला असता, काहीतरी गडबड आहे. मी साधा माणूस नव्हतो.

"मुद्दाम आहे ते," मी म्हणालो. "मेल्यावर कसला आलाय क्रम? एकाला शून्य भेटलं की दहा. म्हणजे जीवाला पोकळी भेटली."

"आमच्यात लिफ्ट एकवरून थेट दहावर गेली तर तक्रार येते," भावोजी म्हणाले.

"तुमची लिफ्ट जिवंतांची."

त्यांनी मान डोलावली आणि दहा लावला. ज्याचं काम त्याने करावं.

मग जे व्हायचं ते झालं. चौथ्या दिवशी, म्हणजे बाराव्या भागात, त्या बाईचं वल्हं पुरं झालं. तिने नाव पाण्यात ढकलली आणि मागे न बघता गेली. भावोजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. पुढच्या भागात ती बाई काठावर बसून वल्हं तासत होती.

"ही आली परत," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

मला खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. मला आला तो उमाळा. पुनर्जन्म! वर्तुळ! मी उभा राहून बोललो. जाणं हा शेवट नसून मधला टप्पा आहे, दिग्दर्शकाने काळ मोडून दाखवलाय, पाश्चात्त्यांना हे कळणार नाही, वगैरे. पाश्चात्त्य तिथे कुणी नव्हते, पण मी त्यांना सोडलं नाही. शेवटी आम्ही नववा भाग पाहिला. आमच्या हिशेबाने तो मालिकेचा शेवट. त्यात बाहेर बर्फ पडतंय, सुतारशाळेचं दार कुणीतरी उघडं ठेवलंय, आणि ती बाई भिजलेली आत येते आणि शेगडीपाशी बसते. पडदा काळा. मी हळू आवाजात म्हणालो, "जो दार उघडं ठेवतो, त्याच्याकडे गेलेलं माणूस परत येतं." वाचनालयातल्या पुढच्या शनिवारी हेच वाक्य माझ्या व्याख्यानाचं शेवटचं वाक्य झालं. विषय होता 'मृत्यूचं वर्तुळ'. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्दी होती, हे त्यांनी नंतर सांगितलं.

काही दिवसांनी भाचीचा फोन आला.

"मामा, काय सांगितलंस तू बाबांना?"

"का, काय झालं?"

"ते येत नाही म्हणतायत. घरमालकाला फोन करून घर ठेवतो म्हणाले. खोकी उघडलीयेत. आणि शेजारच्या काकू सांगतात, दाराला कडीच लावत नाहीत. दिवसा नाही, झोपताना नाही. त्यांची मांजर जाऊन आमच्या सोफ्यावर बसते. मी ओरडले, तर म्हणाले, दार लावून आलो तुझ्याकडे, आणि ती परत आली, तर उघडणार कोण? मामा, कोण परत आली?"

मी तिला मालिका समजावू लागलो. वर्तुळाविषयी एक वाक्य झालं असेल नसेल, तिने तोडलं.

"थांब. ती शेवटच्या भागात जाते. बाराव्या. परत कशी येईल?"

"बाराव्यात जाते आणि मग दोनमध्ये..."

"दोनमध्ये?"

"बाराच्या नंतर दोन."

मग अगदी सावकाश, दुखऱ्या खांद्याच्या म्हाताऱ्याशी बोलावं तशी ती बोलली. "मामा, एकच्या नंतर तुम्ही कुठला पाहिलात?"

"दहा."

"का?"

"एकच्या खाली दहाच होता."

"अरे देवा! शब्दकोशात शब्द लावतात तसे टीव्ही आकडे लावतो रे. पहिलं अक्षर एक असलेले सगळे आधी. बाबांना नाही कळलं, ठीक आहे. तुला?"

"मला वाटलं, मुद्दाम आहे."

"आणि तो म्हातारा यम नाही, मामा. सुतार आहे. पहिल्याच भागात सांगतो तो." तिचा आवाज मग एकदम लहान झाला. "आईची वाट बघतायत ते. आता हे तूच सांगायचंस. मी नाही सांगणार."

मी जाताना वाटेत पुष्कळ तयारी केली. क्रम चुकला तरी अर्थ चुकत नाही, असा एक मुद्दा होता. प्रेक्षकही कलाकृती घडवतो, असा दुसरा. चांगलं व्याख्यान झालं असतं. दार ढकललं तर उघडंच होतं. दुपारची वेळ, मांजर सोफ्यावर, भावोजी खुर्चीत, तोंड दाराकडे. मी आत आलो तेव्हा ते अर्धे उठले आणि मला पाहून बसले. ते अर्धं उठणं पाहिल्यावर माझे सगळे मुद्दे गळाले.

"भावोजी, आपण ती मालिका चुकीच्या क्रमाने पाहिली," मी म्हणालो. "बारावा भाग शेवटचा. ती परत येत नाही. नंतर जे पाहिलं ते सगळं आधीचं होतं. ते दारातून येणंसुद्धा."

मांजर उठली, आळस दिला, पुन्हा बसली.

"पण तू म्हणालास."

"हो."

"मी विचारलं होतं. एकच्या खाली दहा कसा, असं विचारलं होतं मी तुला."

"हो."

"मला काय वाटलं असेल, पंडित? मला कळत होतं हा वेडेपणा आहे. मी लहान आहे का? पण म्हटलं, हा शिकलेला, ह्याचं कामच ते. हा म्हणतोय म्हणजे काहीतरी असेल." त्यांनी सोफ्याकडे पाहिलं. "मी त्या मांजराच्या पावलांनी दचकून उठतो रे. रोज. आणि दर वेळी मांजरच असतं."

मी म्हणालो, "एका अर्थी पाहिलं तर..."

"आता अर्थ सांगायला लागलास तर हाकलून देईन."

त्यांनी रिमोट माझ्याकडे टाकला. "लाव बारा."

आम्ही बारावा भाग पुन्हा पाहिला. या वेळी मी ओळी वाचल्या आणि बाकी काही वाचलं नाही. बाईचं वल्हं पुरं झालं. तिने ते आडवं धरून डोळ्याजवळ नेलं, बाक नाही ना ते पाहिलं. नाव ढकलली. काठावरच्या कुणी हात हलवला नाही. नाव दिसेनाशी झाल्यावरही चित्र बराच वेळ काठावरच राहिलं. तिच्या बाकड्याखाली लाकडाच्या ढलप्या पडल्या होत्या. सुतार आला, त्याने त्या झाडून गोळा केल्या आणि शेगडीत घातल्या. मग एक नवा माणूस त्याच बाकड्यावर येऊन बसला. मालिका संपली. पहिल्या वेळी हे सगळं मी पाहिलंच नव्हतं, कारण नाव हलल्याबरोबर मी बोलायला लागलो होतो.

भावोजी रडले. मोठ्याने, नाक ओढत, बाप्यामाणसासारखं नाही. ताई गेली त्या दिवशी ते रडले नव्हते. तेव्हा ते येणाऱ्यांना खुर्च्या देत होते. मी उठून पाणी आणलं, तेही हातात धरून उभा राहिलो, कारण पाण्याचा पेला पुढे कधी करायचा, यावर मी कुठेच काही वाचलेलं नाही.

शेवटी त्यांनी तोंड धुतलं. मांजर उचलून शेजारी पोचती केली, परत येऊन दार लावलं आणि कडी सरकवली. कडी सहज बसली नाही. त्यांनी तीनदा मागेपुढे केली.

"लाव फोन पोरीला."

मी लावला आणि आवाज मोठा केला. "बाबा?" भाची म्हणाली. तिने मागचं काहीच विचारलं नाही.

"तुझं घर कितव्या मजल्यावर गं?"

"नवव्या."

"लिफ्ट कशी आहे?"

"आहे. आवाज करते जरा. येताय का?"

"कसला आवाज?"

"आता आवाज कसा सांगू, बाबा?"

"सांगू नकोस. आत जा आणि फोन धर."

चपलांचा आवाज आला, मग दाराचा. भाची म्हणाली, "खाली चाललेय." मोटारीची घरघर सुरू झाली. भावोजींनी डोळे मिटले आणि फोन कानाशी धरला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं. दर मजल्याला एक बारीक किरकिर, मग थोडी शांतता, मग पुन्हा किरकिर. "आता वर येतेय," भाची म्हणाली. पुन्हा तेच, उलट दिशेने. मला त्या खाली जाण्यात आणि वर येण्यात हळूहळू काहीतरी दिसायला लागलं. नऊ मजले, त्यात एक अदृश्य मुलगी, आणि डोळे मिटून ऐकणारा बाप. मी तोंड उघडलं.

भावोजींनी डोळे न उघडता बोट वर केलं. "गप."

मग फोनमध्ये म्हणाले, "दाराचे रोलर गेलेत. बाकी काही नाही. माणूस बोलावू नकोस, फुकट लुटतील. मी येतो रविवारी."